पोटातला भाऊ

तुरुंगाच्या दवाखान्यात येताक्षणी तेजलनं खाटेला बांधलेल्या बापूच्या कानाखाली जाळ काढला. नऊ वर्षांपूर्वी यानंच तिच्या भावाला, सुहासला, कोयत्यानं तोडलं होतं. न्यायालयानं फाशी दिली नाही. सुहासच्या यकृताचा जिवंत तुकडा बापूच्या पोटात डावीकडे रुजवला आणि तो जन्मभर जगवायची शिक्षा दिली. दर भाऊबीजेला तेजल तुरुंगात यायची, त्या फुगवट्याला ओवाळायची आणि जाताना बापूचं तोंड फोडायची. पोटाला मात्र तिनं कधी धक्का लावला नव्हता.

"त्या तुकड्यातच कर्करोग झालाय," डॉक्टर फडतरेबाई म्हणाल्या. "याचं स्वतःचं यकृत ठणठणीत आहे. तुकडा कापून काढला तर हा वाचेल. त्यासाठी तुमची सही लागेल."

"मग शिक्षा?"

"तुकडा गेला की शिक्षा संपली. हा सुटेल."

तेजलनं फुगवट्यावर तळहात ठेवला, डोळे पुसले आणि सही केली.

"नीट वाचवा याला, बाई. इतकी वर्षं आत माझा भाऊ होता. सुटेल त्या दिवशी मी कोयता घेऊन दारात उभी असेन."

बापूनं पट्ट्यांना हिसके दिले. "काढू नका, डॉक्टर!" तो किंचाळला. "राहू द्या त्याला आत!"