सातवीचा हिरवा झेंडा

सातवीच्या दारावरचा हिरवा झेंडा उतरवायला बाई स्वतः स्टूल घेऊन आल्या होत्या. शिपायाला सांगितलं असतं तर त्याने हात वर करून सहज काढला असता. पण हे काम दुसऱ्यावर ढकलायचं नाही, असं त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. सातवीचा वर्ग त्यांचा, शाळेचं आरोग्य मंडळ त्यांचं, आणि झेंड्याची कल्पनाही त्यांचीच.

आत रोजची विचारपूस चालू होती. मंडळाची मुलगी, जिला सगळे फीतवालीच म्हणत, दंडाला हिरवी फीत बांधून एकेका बाकापाशी थांबत होती. "कसं वाटतंय?" उत्तर सगळ्यांना तोंडपाठ. "ठणठणीत." आठवडाभर ज्या वर्गात कुणी आजारी नाही, झेंडा त्या वर्गाच्या दारावर. या वर्षी शाळा सुरू झाल्यापासून तो सातवीच्या दारावरून हलला नव्हता. बाकीचे वर्ग जळायचे नुसते.

फीतवाली खिडकीजवळच्या बाकाशी आली. तिथली एक जागा रिकामी होती, चिमणीची. चिमणी दिसायची एवढीशी, पण हट्टाला पक्की. पोट धरून, गुडघे जवळ घेऊन बसायची आणि विचारलं की हसून ठणठणीत म्हणायची. दुखणं तिने अंगावर काढलं. डॉक्टरांच्या हाती पडली तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेली, पण वर्गात तिने शेवटपर्यंत ठणठणीतच सांगितलं होतं, म्हणून झेंडा दारावरच राहिला.

"कसं वाटतंय?" फीतवालीच्या तोंडून सवयीने निघून गेलं. तिने जीभ चावली.

"ठणठणीत," वर्गातून आवाज आला. हलका, पण एकट्या कुणाचा नव्हे. गैरहजर मैत्रिणीची हजेरी लावावी तसं मुलं चिमणीच्या वतीने बोलली होती.

स्टूल दारातच ठेवून बाई आत गेल्या. "आजपासून झेंडा बंद," त्या म्हणाल्या. "कुणाला काही दुखत असेल, खुपत असेल, तर सांगायचं. आत्ता."

चिमणीच्या शेजारी बसणारीने उजवा हात मांडीवरून बाकाखाली नेला. हाताला रुमाल गुंडाळलेला होता आणि रुमालाला ओल आली होती.

"हाताला काय झालं गं?"

"कुठे काय, बाई? काही नाही."

बाई तिच्याजवळ जाऊन वाकल्या. "कुणी रागवणार नाही, बाळा. दाखव."

"झेंडा जाईल."

"जाऊ दे. तो झेंडा मेला..."

"तिचा आहे तो, बाई," शेजारीण म्हणाली. "तिनं राखला. आता मी बोलले तर मग ती कशाला गप्प बसली?"

झेंड्याचा आता सगळ्यांना तिटकारा आला असेल, असं बाई धरून चालल्या होत्या. इथे तर पोरांनी त्याला देवासारखा जपला होता. खिळ्यावरून ओढून काढला असता तरी तो यांच्या मनातून निघाला नसता. दात दुखला, ताप चढला, तरी ही पोरं त्याची राखण करत बसली असती. बाईंना भीती वाटली, खरीखुरी.

"तो काढू नका ना, बाई," फीतवाली हळूच म्हणाली.

बाई वळल्या. "फीत बांधलीयस ना? मग मला विचार."

"बाईंना कुठे विचारतात?"

"विचार."

"कसं वाटतंय, बाई?"

उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. ताप असो की गुडघे धरलेले असोत, घरीदारी सगळ्यांना त्या एकच ऐकवत आल्या होत्या, मला काय धाड भरलीय? त्यांनी ते गिळलं.

"बरं नाही," त्या म्हणाल्या. "ती गेल्यापासून झोप नाही मला. जेवण जात नाही. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं." आवाज कापायला लागला, तो त्यांनी कापू दिला. "मी याच वर्गाची ना? मग आजारी मी पडले. तिनं राखलेला झेंडा माझ्यापायी गेला. तुमच्या कुणाच्या माथी नाही."

त्या स्टुलावर चढल्या. झेंडा काढला, घडी घातली आणि चिमणीच्या जागेवर ठेवला. शेजारणीने घडीकडे पाहिलं. मग तिने दातांनी रुमालाची गाठ सोडली. तळहातभर फोड आले होते.

"बाई, भाजलंय," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली. "खूप आग होतेय."

बाईंनी तिचं मनगट हातात घेतलं. नळाकडे न्यायला निघताना दारातून त्या फीतवालीला म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून विचार."

फीतवाली पहिल्या बाकाशी गेली. उत्तरं आता अडखळत येऊ लागली. "कान ठणकतोय." "मी सकाळी काही खाल्लंच नाही." "मी बरा आहे, खरंच." कुणीतरी एकदम बारीक आवाजात म्हणालं, "रात्री भीती वाटते."

विचारत विचारत ती खिडकीजवळच्या बाकाशी आली. तिने नळावरून परतून दारात थांबलेल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी नको म्हटलं नाही.

"कसं वाटतंय?" तिने घडीला विचारलं.

सगळा वर्ग कान देऊन बसला. या वेळी चिमणीच्या वतीने कुणीच बोललं नाही.