आखूड दस्ता

इराकी सैन्य देशात घुसलं त्या साली बदरचे वडील घराबाहेर पडले, ते परतलेच नाहीत. त्यांची जुनी लष्करी रायफल बदरनं यूसुफ सुताराकडे दुरुस्तीला दिली. म्हणाला, "प्रत्येक भाग त्या काळचाच हवा." कुणा अडाण्यानं खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता चार बोटं कापलेला पाहून यूसुफ चडफडला. तो त्यानं शेगडीत घातला आणि त्याच काळातला अख्खा दस्ता कुठून कुठून शोधून बसवला.

यूसुफ ती पोचवायला फिंतास गावातल्या घरी आला, तेव्हा बदरच्या म्हाताऱ्या आईनं रायफल खांद्याला लावली. तिचं बोट चापापर्यंत पोहोचेना.

"आखूड दस्ता कुठंय?"

"मावशी, तो मी जाळला," यूसुफ पुटपुटला.

तिनं रायफल खाली उतरवली.

"बदरच्या वडिलांनी माझ्या मापाचा कापला होता. म्हणाले, मी येईपर्यंत उशाशी ठेव."