पट्टा बोलतो तोवर

"नर्सबाई, आधी स्वतःला टोचा!" मनवाच्या मनगटावरचा पट्टा दर लसीला खेकसायचा. पोरांच्या मनातलं ओळखून बोलणारे हे पट्टे गावभर कुंदा नर्सनंच बांधले होते. ती हसायची आणि कार्डावर लिहायची, 'बोलणं उत्तम'.

आज पट्टा बिघडला होता.

"नाव काय गं तुझं?" कुंदानं विचारलं.

तीन वर्षांच्या मनवानं नुसतं मनगट पुढे केलं.

"घरी तरी बोलते ना?"

"पट्टा बोलायचा की, ताई," आई म्हणाली. "आणि तुम्हीच तर उत्तम लिहायचात."

"मी पट्ट्यालाच तपासत होते, बाई."

कुंदानं मनवाला मांडीवर घेतलं. "म्हण, आ... ई."

मनवा तिच्या हलत्या ओठांकडे नवलानं बघत राहिली. बाहेर रांगेत बावीस तान्ही बाळं खणखणीत गप्पा मारत होती.