डेनिस कॉफलनचं मत

मतदान सुरू होऊन दोन तास झाले, तरी डेनिस कॉफलनचं नाव काही पुकारलं जाईना. न्यूयॉर्कच्या गोदीजवळच्या त्या न्हाव्याच्या दुकानात, खुर्च्या भिंतीला सारून मतपेटी मांडली होती. त्याची बायको हनोरा काळी शाल आवळून दारात उभी होती. बायकांना मत नव्हतं. ती फक्त ऐकायला यायची.

बारा वर्षांपूर्वी डेनिस सोनं शोधायला अलास्कात गेला. पुढं तो नदीत बुडाला, असं हनोरानंच शेजाऱ्यांना सांगितलं. चर्चमध्ये प्रार्थनाही झाली. पण मतदारयादीतलं नाव पक्षानं पुसू दिलं नाही. वॉर्डाचे पुढारी मॅकगर्क यांची माणसं दर निवडणुकीला कुणालातरी डेनिस म्हणून पाठवायची. तो नाव सांगायचा, कारकून ते खणखणीत पुकारायचा, आणि हनोराला जिना चढताना डेनिस गायचा ते गाणं ऐकू यायचं. किती सुखाचे दिवस होते ते!

१९१० ची ही अमेरिकी संसदेची निवडणूक मात्र अटीतटीची होती. विरोधकांचा चष्मेवाला वकील मेलेल्यांची यादी घेऊनच बसला होता.

"वहिनी, आज पकडले गेलो तर नाव कायमचं कटणार," मॅकगर्क पुटपुटले.

 हनोराजवळ तेवढं नावच तर उरलं होतं.

इतक्यात एक दाढीवाला, वाकलेला माणूस आत शिरला.

"डेनिस कॉफलन," तो हळूच म्हणाला.

कारकुनानं नाव पुकारलं. वकील ताडकन उठला. "हा माणूस मेलाय! त्याची बायको दारातच आहे, विचारा तिला!"

हनोरा आत आली. त्या माणसाकडे तिनं बराच वेळ पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"बाई, शपथेवर सांगा. हा कोण?" वकिलानं विचारलं.

"माझा नवरा."

"मग इतकी वर्षं हे शोकाचे काळे कपडे कशाला?"

"बारा वर्षं साधं पत्र नाही याचं. नटून बसू होय?"

सगळे खो खो हसले. वकील खाली बसला. मत पेटीत पडलं.

"मानलं, वहिनी!" बाहेर मॅकगर्क म्हणाले. "शपथेवर इतकं सफाईदार खोटं मलासुद्धा जमलं नसतं."

 त्या माणसाची बाही धरून हनोरा म्हणाली, "चला. बटाटे उकडलेत."

दोघं कोपऱ्यावरून वळले, तोच एकजण धापा टाकत मॅकगर्कपुढं येऊन उभा राहिला.

"माफ करा साहेब, ट्राम अडकली. आजचा डेनिस कॉफलन मीच ना?"