अज्जांच्या खिशातला पंप

"अज्जा, पंप!"

खो-खोची पाळी संपली की शिवलीला धापा टाकत थेट लिंबाखाली. तिथं तिचे आजोबा, रेवणप्पा अज्जा, बसलेले असणारच. भवानी पेठेतल्या घरातनं रोज संध्याकाळी नातीबरोबर मैदानावर यायचे. खिशातला दम्याचा पंप काढून तिच्या तोंडाला लावायचे.

"वड आत. धर. आता सोड."

पोरगी तरी कसली! एवढी धाप लागलेली, पण आधी अज्जांना पाणी पाजणार, सकाळच्या भाकरीची चौकशी करणार, मग पंप घेणार.

खो-खो शिकवणाऱ्या दानेश्वरीताईंना ही जोडी फार आवडायची. असा अज्जा प्रत्येक पोराला मिळावा, असं त्यांना वाटायचं.

पण उद्या अकलूजला सामना होता आणि जीपमध्ये पोरींनाच जागा पुरत नव्हती.

"अज्जा, पंप माझ्या औषधाच्या पेटीत द्या. तुम्ही घरी आराम करा."

"नगं. माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या की."

"हट्ट काय करता लहान पोरासारखा?" ताईंनी पंप घेतला आणि सवयीनं हलवून दाबला. नुसताच खट्‌ आवाज आला. ताईंचा पारा चढला. "अहो, हा रिकामा आहे! पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

"हळू बोला, ताई." अज्जांनी मैदानाकडं बघितलं. "तिचा दमा कवाच बरा झालाय. डॉक्टरनीच पंप बंद केलाय. पन आमी तिला सांगितलं न्हाय. अज्जाकडं पंप हाय म्हनून लई बिनघोर पळती. कळलं तर घाबरंल की."

ताईंचा राग कुठल्या कुठं गेला. पंप मुठीत धरून त्या शिवलीलाकडं आल्या.

"उद्या पंप माझ्याकडं असेल हं. अज्जांना घरी राहू दे."

शिवलीलाचा चेहरा उतरला. एवढा महिनाभर अकलूज, अकलूज करून घर डोक्यावर घेतलेली पोर.

"मग मीपण येत नाही."

"अगं वेडे, घाबरतेस कशाला? लागला तर मी देते की पंप!"

पोरीनं लिंबाखाली एकदा बघून घेतलं. ताईंचा हात धरून त्यांना खाली वाकवलं.

"ताई, तो रिकामाय, मला माहितेय. डॉक्टर मम्मीला सांगत होते तेव्हा मी दाराशीच होते. पण मला कळलंय हे अज्जांना सांगू नका हं. आज्जी गेल्यापासनं ते खोलीतनं उठतच नव्हते. मला पंप द्यायचा म्हणूनच घराबाहेर पडतात."