मागची खोली

सुनेत्राने नळीत फुंकर मारली. माणसाचं उरलेलं आयुष्य श्वासावरून कळू लागल्यापासून प्राण्यांच्या निवाऱ्यात हे सगळ्यांनाच करावं लागे. माणसामागे पोरकं होईल असं मांजर तिथले लोक कुणालाही देत नसत. आकडा मात्र सांगायचा नाही, असा नियम होता.

निवाऱ्याच्या कामतबाईंनी यंत्राचा पडदा पाहिला आणि पिल्लांची खोली ओलांडून दोघांना सरळ मागे नेलं. तिथे दात पडलेली एक भुरी मांजर ऊन खात बसली होती.

"अहो, आम्हाला पिल्लू हवंय," सुनेत्राचा नवरा विलास वैतागला. "ही कसली म्हातारी दाखवताय?"

सुनेत्राने मांजरीला उचलून मांडीवर घेतलं.

"हिचं किती राहिलंय?"

"पुढचा उन्हाळा बघेल बहुतेक."

विलासचा चेहरा उतरला.

"ही माझी," सुनेत्रा म्हणाली. मग तिने नळी पदराने पुसून विलासपुढे धरली. "आता तू फुंक. तुला पिल्लू मिळेल. पण त्याला खायला रोज तूच घाल. माझी सवय नको लागायला त्याला."