आधी दिवा, मग आमेन

कन्हानजवळच्या कोळसा खाणीत शांतवन रोज सकाळी आधी एकटा उतरून दिव्यानं स्फोटक वायू तपासायचा. ज्योत निळी झाली नाही, तर वर येऊन प्रार्थना म्हणायचा. 'आमेन' झालं की माणसं आपापले पेटते दिवे घेऊन उतरायची.

बायको रूथ वारली, आणि त्यानं प्रार्थना सोडली.

"आमेन म्हटल्याबिगर उतराले भेव लागते गा, शांतवनभाऊ," खाणीतला धोंडबा म्हणाला.

"महिनाभर प्रार्थना केली ना, वाचली काय रूथ? दिवा सांगते तेवढंच खरं."

मग माणसांनी पाद्रीबाबांना बोलावलं. ते सकाळी वेळेआधीच आले; शांतवन अजून खालीच होता. त्याच्या हातातली ज्योत निळी झाली, तसा तो वर धावत सुटला.

 

वरून सगळ्यांचं 'आमेन' ऐकू आलं, आणि पेटत्या दिव्यांची रांग खाली उतरू लागली.